शार्कच्या परांवरील बंदीचा सार्वजनिक खर्च कसा मोजावा

सोलापुरात अर्थशास्त्राचा किंवा लोकप्रशासनाचा प्रकल्प निवडायची वेळ आली की विद्यार्थी बहुधा यंत्रमाग, विडी उद्योग, साखर कारखाने किंवा उजनीचे पाणी यांकडे वळतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु एखाद्या बंदीची किंमत मोजण्याची रीत शिकायची असेल, तर घराजवळचा विषय अनेकदा आड येतो, कारण त्यात कोणाची बाजू घ्यायची हे आकडे हाती येण्याआधीच ठरलेले असते. शार्कच्या परांच्या व्यापारावरील बंदी हा विषय त्या दृष्टीने सोयीचा आहे. समुद्र आपल्यापासून दूर आहे, परांचे सूप येथे कोणी पीत नाही आणि तरीही ही बंदी राबवणाऱ्या यंत्रणांचा पगार आपल्याही करातून जातो. पुढील रीत पदवीच्या प्रकल्पाला उपयोगी पडेल, तशीच स्पर्धा परीक्षेच्या निबंधालाही.

आधी बंदी कोणती, ते लिहून काढावे

‘शार्कच्या परांवर बंदी’ या शब्दांखाली निदान तीन वेगवेगळे नियम दडलेले असतात आणि प्रत्येकाचा खर्च वेगळ्या ठिकाणी पडतो. पहिला नियम समुद्रावरच्या कृतीचा आहे: जिवंत किंवा मेलेल्या शार्कचे पर कापून घ्यायचे आणि धड पाण्यात ढकलून द्यायचे, याला मनाई. भारताने ऑगस्ट २०१३ मध्ये पर्यावरण मंत्रालयाच्या धोरणाने ही मनाई केली आणि शार्क बंदरावर आणताना पर अंगाला चिकटलेलेच असले पाहिजेत, असे ठरवले. दुसरा नियम प्रजातींचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ किंवा २ मध्ये जी प्रजाती आहे, ती पकडणेच गुन्हा ठरते, मग पर असोत वा मांस. तिसरा नियम व्यापाराचा आहे: ६ फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने सर्व जातींच्या शार्कच्या परांची निर्यात बंद झाली.

या तिन्हींत प्रकल्पाला सर्वांत जास्त शिकवणारा दुसरा आहे, कारण त्याची धरसोड सरकारी कागदांत नोंदलेली आहे. जुलै २००१ मध्ये सगळ्याच शार्क आणि पाकट (शार्कचे चपटे नातलग मासे) जातींना अनुसूची १ मध्ये घातले गेले. किनाऱ्यावर मच्छीमारांचा विरोध उसळला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती यादी दहा प्रजातींपुरती आखडली. त्या पाच महिन्यांत राजपत्रे निघाली, निवेदने आली, बैठका झाल्या आणि नियम बदलला. हा सगळा खर्च सार्वजनिकच आहे. फक्त तो कोणत्याही लेखाशीर्षाखाली सापडत नाही. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणीच बदलली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, म्हणून जुन्या लेखांतील प्रजातींची यादी जशीच्या तशी उचलू नये.

परदेशांतील उदाहरण घेताना हाच विवेक पाळावा. कॅनडाने २०१९ मध्ये परांची आयात-निर्यात थांबवली, अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये देशांतर्गत खरेदी-विक्रीवरही बंदी घातली, ब्रिटनचा कायदा २०२३ चा आहे. सायटिस या, धोक्यातील वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराची दुसरी परिशिष्ट यादी ही मात्र बंदी नव्हे. तो परवान्याचा व्यवहार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत शार्कचे एक अख्खे मोठे कुळ त्या यादीत आले, तेव्हा वृत्तपत्रांत ‘बंदी’ असे मथळे झळकले. ती चूक आपल्या प्रकल्पात येऊ देऊ नये.

बुडालेला व्यापार म्हणजे सार्वजनिक खर्च नव्हे

बहुतेक प्रकल्प येथेच घसरतात. निर्यातीचा आकडा शोधतात, तो बंदीनंतर शून्य झाला असे दाखवतात आणि तेवढ्या रकमेला ‘देशाचे नुकसान’ म्हणतात. वास्तविक निर्यातीचे मूल्य हे व्यापाऱ्याचे उत्पन्न आहे, तिजोरीचे नव्हे. निर्यातीवर जीएसटी शून्य दराने लागतो आणि त्यापूर्वीही निर्यातीवर विक्रीकर नव्हता. म्हणजे बंदीमुळे सरकारच्या हातून जे गेले, ते मुख्यतः निर्यातदाराच्या नफ्यावरील आयकरापुरते. ती रक्कम छोटी निघेल आणि ती छोटी निघाली म्हणून बिचकू नये.

यासाठी वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात सरकारी तिजोरीतून प्रत्यक्ष जाणारा किंवा तिजोरीत न येणारा पैसा, दुसऱ्यात समाजातील कोणाचे तरी खरोखर नष्ट झालेले उत्पन्न आणि तिसऱ्यात केवळ एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा. हे रकाने मिसळले की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातील अंतर समजून घ्यायला सोलापूरकराला किनाऱ्यावर जाण्याची गरज नाही, नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यापर्यंत गेले तरी पुरते. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि त्यात सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील शेकडो गावांच्या खासगी जमिनी येत होत्या. वनखात्याच्या अंदाजपत्रकात वनरक्षकांचे पगार, कुंपण, पाणवठे दिसतील. परंतु जमिनीच्या व्यवहारांवरील बंधनांमुळे ज्याचा सौदा अडला किंवा ज्याला भाव पडून द्यावा लागला, त्याची नोंद त्या पुस्तकात कोठेही नाही. क्षेत्र पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी केले गेले, तोवर तीन दशके उलटली होती. संरक्षण चुकीचे होते, असा याचा अर्थ अजिबात नाही; माळढोकाची आजची अवस्था पाहता ते अधिक नेटाने व्हायला हवे होते, असेच माझे मत आहे. मुद्दा एवढाच, की अंदाजपत्रकातला खर्च हा बंदीच्या खर्चाचा दिसणारा भाग असतो.

बंदरावरचा हिशेब

आता दुसरा रकाना भरावा. येथे परांचे गणित कोष्टकात मांडण्याआधी एका माशावर करून पाहावे. पुढील भाव केवळ रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्यक्ष प्रकल्पात लिलावाचे भाव घालावेत.

समजा, ट्रॉलरच्या जाळ्यात इतर मासळीबरोबर ४० किलोची मुशी, म्हणजे शार्क, आली. तिचे ओले पर २ किलो भरतील असे धरू. पर वेगळे विकता येत असताना मांस ३८ किलो, दर १५० रुपये, म्हणजे ५,७०० रुपये. पर २ किलो, दर १,००० रुपये, म्हणजे २,००० रुपये. एकूण ७,७०० रुपये. परांची बाजारपेठ बंद झाली आणि मुशी परांसकट मांसाच्या भावाने गेली, तर ४० किलोचे ६,००० रुपये होतात. तोटा १,७०० रुपयांचा, म्हणजे त्या माशाच्या किमतीच्या सुमारे २२ टक्के. आणि चोरट्या व्यापाऱ्याने पर निम्म्या भावाने उचलले, तर मच्छीमाराचा तोटा १,००० रुपयांवर येतो, आणि त्याने सोडलेला तेवढाच पैसा साखळीत पुढच्या माणसाच्या हाती जातो. म्हणून पहिल्या प्रसंगातील रक्कम दुसऱ्या रकान्यात लिहावी आणि दुसऱ्या प्रसंगातील रक्कम तिसऱ्या रकान्यात.

याच गणिताला एक प्रश्न जोडावा: हा तोटा पाहून तांडेल (बोटीचा प्रमुख) जाळे टाकण्याची जागा बदलेल काय? त्या फेरीची एकूण मासळी २ लाख रुपयांची असेल, तर १,७०० रुपये हे एक टक्काही नाही. कोळंबीसाठी किंवा बांगड्यासाठी टाकलेल्या जाळ्यात मुशी आपोआप येते, आणि परांना भाव असो वा नसो, ती येतच राहणार. भारतात शार्कची मासेमारी मोठ्या प्रमाणात अशीच, इतर मासळीच्या सोबतीने होते. कन्याकुमारी जिल्ह्यातील थूथूरसारख्या ठिकाणच्या मच्छीमारांची गोष्ट वेगळी आहे. ते खोल समुद्रात खास शार्कसाठी गळ टाकत आले आहेत, त्यामुळे परांचा भाव गेला की त्यांच्या फेरीचा पायाच हलतो. सोबतीने मुशी पकडणाऱ्याकडून बंदी उत्पन्नाचा तुकडा काढून घेते आणि शार्क वाचवत नाही. खास शार्कसाठी जाणाऱ्याच्या बाबतीत ती शार्क वाचवू शकते, पण बोजा पडतो तो थोड्या कुटुंबांवर आणि पुरा पडतो. या दोघांची सरासरी काढणे हा या विषयातला सर्वांत महागडा आळस आहे.

खलाशांचा वाटाही वेगळा पाहावा. हवाईतील लांब गळाच्या बोटींवर, २००० सालचा अमेरिकी कायदा येण्यापूर्वी, परांचे पैसे खलाशांना वरकमाई म्हणून मिळत. अशा व्यवस्थेत बंदीची झळ मालकाला कमी आणि खालच्या माणसाला जास्त बसते, आणि एकूण निर्यातीच्या आकड्यातून हे कधीही कळत नाही.

अंमलबजावणीचा खर्च

तिजोरीवरचा खरा बोजा येथे आहे, म्हणून यावर सर्वाधिक वेळ द्यावा. वाळलेल्या परांचे पोते समोर आले की अधिकाऱ्यापुढे पहिली अडचण ओळखीची असते. धड नाही, डोके नाही, कातडी बहुधा खरवडलेली. पाठीवरचा पहिला पर आकारावरून काही जातींत ओळखता येतो, परंतु बाकीचे पर तज्ज्ञालाही फसवतात. पर सोललेले आणि तंतू सुटे केलेले असतील, तर डीएनए तपासणीवाचून जात सांगता येत नाही. त्यासाठी नमुना घ्यावा लागतो, तो मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, अहवालाची वाट पाहावी लागते आणि तोवर माल मुद्देमाल म्हणून सांभाळावा लागतो. खटला चालेल तितका काळ ती दुर्गंधी कोठडीत राहते.

हे सगळे का करावे लागते, याचे उत्तर नियमांच्या मांडणीत आहे. निर्यातबंदी सर्व जातींना लागू आहे, म्हणून बंदरावर किंवा विमानतळावर जात ओळखण्याची गरज कमी पडते: पर आहेत आणि ते परदेशी चालले आहेत, एवढे सिद्ध झाले की पुरे. देशांतर्गत गोदामात मात्र संरक्षित जात आहे की नाही, यावरच गुन्हा ठरतो. यावरून एक निष्कर्ष निघतो आणि तो प्रकल्पात मांडण्याजोगा आहे. सरसकट बंदी मच्छीमाराला अधिक महाग आणि तपास यंत्रणेला अधिक स्वस्त असते. निवडक बंदीचे नेमके उलटे असते. सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईतील शिवडी आणि गुजरातमधील वेरावळ येथून सुमारे ८,००० किलो पर पकडले, ही निर्यातबंदीनंतर साडेतीन वर्षांनी घडलेली गोष्ट आहे. त्या एका कारवाईची बातमी वाचताना माणसे किती, पाळत किती, प्रयोगशाळा किती आणि न्यायालयाच्या तारखा किती, असे चार प्रश्न समासात लिहून ठेवावेत.

खर्चाची वाटणी करताना एक दक्षता घ्यावी. सीमाशुल्क अधिकारी केवळ परांसाठी नेमलेला नसतो. तो सोनेही पाहतो, अमली पदार्थही. त्याचा पूर्ण पगार या बंदीच्या नावे लिहिणे जितके चूक, तितकेच ‘तो तर तेथे होताच’ म्हणून शून्य लिहिणे चूक. परांच्या तपासणीत गेलेला वेळ दुसऱ्या कामातून काढलेला असतो, म्हणून त्या वेळेच्या प्रमाणात खर्च धरावा आणि प्रमाण कशावरून धरले, हे तळटीपेत सांगावे.

नुकसानभरपाई ही बाब तुलनेने सोपी आहे. संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि जाळे कापून त्याला सोडले, तर महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी कमाल २५,००० रुपये मिळू शकतात. सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत द्यावी लागते. गुजरातमध्ये देवमुशीसाठी, म्हणजे अंगावर ठिपके असलेल्या त्या अजस्र पण निरुपद्रवी शार्कसाठी, अशी भरपाई त्याआधीपासून आहे. हा खर्च पहिल्या रकान्यात जातो, आणि या विषयातला मला सर्वांत पटणारा खर्च तोच आहे, कारण येथे पैसा दिला गेला की एक प्राणी पाण्यात परत गेल्याचा पुरावा हाती असतो.

भागाकार कशाने करायचा

एकूण खर्च निघाला की त्याला कशाने तरी भागावे लागते. जप्त परांच्या किलोंनी भागण्याचा मोह होतो, कारण तो आकडा सहज मिळतो. तो वापरू नये. जप्ती वाढली, तर अंमलबजावणी चांगली झाली असेल किंवा चोरटा व्यापार वाढला असेल. आकडा दोन्हींत वाढतो. भाजक हवा तो वाचलेल्या शार्कचा.

येथे अडचणीची बातमी सांगणे भाग आहे. जानेवारी २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने असा अंदाज मांडला, की पर कापण्याविरुद्धचे नियम जगभर झपाट्याने पसरले त्याच काळात, २०१२ ते २०१९ मध्ये, मासेमारीत मरणाऱ्या शार्कची वार्षिक संख्या किमान ७.६ कोटींवरून ८ कोटींवर गेली. धड बंदरावर आणायचेच असेल, तर त्याला गिऱ्हाईक शोधले जाते, आणि मांसाचा बाजार वाढतो. आपल्या कोकणात मुशीचे कालवण आणि सुकी मुशी पूर्वापार खाल्ली जाते, त्यामुळे आपल्याकडे तर धड फेकून देण्याची प्रथा मुळातच फारशी नव्हती. पर कापण्याच्या मनाईतून भारतात किती शार्क वाचले, याचा अंदाज करताना हा भाग नजरेआड झाला, तर भाजक फुगतो आणि बंदी आहे त्याहून स्वस्त दिसू लागते.

जिवंत शार्कच्या किमतीचे आकडेही सावधपणे घ्यावेत. पलाऊ या पॅसिफिकमधील देशाविषयी २०११ मध्ये झालेल्या अभ्यासात एका प्रवाळी शार्कचे आयुष्यभराचे पर्यटनमूल्य सुमारे १९ लाख डॉलर निघाले, तर मारून विकल्यास १०८ डॉलर. ही तुलना भाषणात टाळ्या मिळवते. परंतु पहिला आकडा पाणबुड्या पर्यटकांच्या खर्चाचा आहे, तो नफा नव्हे. पाणी स्वच्छ, शार्क ठरलेल्या जागी आणि पर्यटक श्रीमंत, अशी तिन्ही परिस्थिती तेथे जुळून आली. वसईच्या किंवा हर्णैच्या गढूळ पाण्याला तो आकडा लावणे म्हणजे हिशेबाच्या नावाखाली केलेली सजावट होय.

काळाचा फरकही धरावा लागतो. अनेक शार्क उशिरा वयात येतात आणि थोडी पिल्ले देतात, म्हणून आज केलेल्या खर्चाचे फळ दहा-पंधरा वर्षांनी दिसते. पंधरा वर्षांनंतरच्या १०० रुपयांची आजची किंमत ८ टक्के दराने सुमारे ३१ रुपये ५० पैसे आणि ३ टक्के दराने सुमारे ६४ रुपये होते. केवळ दर बदलून बंदी तोट्याची किंवा फायद्याची दाखवता येते. म्हणून दोन्ही दरांनी उत्तर काढून शेजारी शेजारी लिहावे.

आकडे मिळवायचे कोठून

निर्यातीसाठी वाणिज्य मंत्रालयाची ऑनलाइन आकडेवारी पाहावी. वाळवलेल्या, खारवलेल्या किंवा धुरावलेल्या परांचा सहा अंकी संकेतांक ०३०५७१ आहे आणि तो २०१२ पासूनच स्वतंत्र आहे, त्यामुळे त्याआधीचे आकडे जोडताना जपावे. त्यानंतर हाँगकाँगची आयात आकडेवारी काढावी, कारण परांच्या व्यापाराचे ते मोठे केंद्र आहे. भारताने पाठवले म्हणून नोंदवलेला माल आणि तेथे भारतातून आला म्हणून नोंदवलेला माल, यांतील तफावत चोरट्या व्यापाराचा माग देते. ओल्या आणि सुक्या परांच्या वजनात मोठे अंतर असते, तेव्हा किलोला किलो लावू नये. मासळीच्या उतरणीसाठी कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे वार्षिक अहवाल आहेत.

सरकारी खर्चासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्याने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. महसूल गुप्तचर संचालनालयाला मात्र अर्ज करून उपयोग नाही. ते अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने, भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांच्या तक्रारी सोडल्या, तर माहिती देण्यास बांधलेले नाही. त्याऐवजी संसदेतील प्रश्नोत्तरे चाळावीत. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाला अर्ज करताना ‘शार्क संरक्षणावरील खर्च कळवावा’ असे मोघम लिहू नये, त्याचे उत्तर ‘माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही’ असेच येते. वर्षनिहाय भरपाईची प्रकरणे किती, मंजूर किती, रक्कम किती आणि त्यांपैकी शार्क व पाकट किती, असे विचारावे.

शेवटी उत्तर एका आकड्यात देण्याचा हट्ट धरू नये. कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन टोकांमध्ये ते मांडावे, आणि अंमलबजावणीचे प्रमाण, मच्छीमाराचा तोटा, वाचलेल्या शार्कची संख्या व व्याजदर या चार गृहीतकांपैकी कोणते हलवले की उत्तर सर्वांत जास्त हलते, ते तपासून पहिल्याच पानावर लिहावे. बहुतेक वेळा ते वाचलेल्या शार्कची संख्या हेच निघेल. परीक्षकाचा पहिला प्रश्नही त्यावरच येईल, म्हणून त्या एका ओळीची आकडेमोड वहीत वेगळी आणि पूर्ण ठेवावी.